प्रत्येक फोटोला साबण

१४ सप्टेंबर, रविवार

बाबा ग्रुपमधून बाहेर पडले! फोनवर राखाडी अक्षरांत तेवढी एकच ओळ. मी ती पुन्हा पुन्हा वाचतेय.

आमच्या घरच्या ग्रुपवर दर रविवारी संध्याकाळी खेळ चालतो. कुणीतरी घरातल्या वस्तूचा अगदी जवळून फोटो काढायचा – इतक्या जवळून की ओळखूच येऊ नये – आणि बाकीच्यांनी ती ओळखायची. दादानं दाढीच्या ब्रशचे केस टाकले होते, वहिनीनं किसणीची भोकं, माझ्या सासूबाईंनी लोकरीचा गुंडा. बाबांचं उत्तर ठरलेलं. टाइप करायचा कंटाळा, म्हणून आवाज पाठवतात – "साबण!" किसणी? साबण. लोकर? साबण. आम्ही हसून हसून लोळतो. मी तर बाबांच्या एका बावळट फोटोखाली "साबण!" लिहून स्टिकरच केलाय. सगळे तो उठसूट वापरतात.

आज पाळी माझी होती. शुक्रवारी बाबा माझ्या चिमीला शाळेतून घरी सोडायला आले, तेव्हा मी खाली जाऊन त्यांच्या स्कूटरच्या मुठीचा फोटो काढून ठेवला होता. वाटलं, ही तरी ओळखतील. कित्येक वर्षं रोज हातात आहे. आणि बाबा – "साबण!"

मग मी लिहिलं – "बाबा, तुमच्याच गाडीची मूठ आहे! डोळे ठणठणीत आहेत हे मला माहीत आहे. आता एकदा डोकं तपासून घ्या." वर तो स्टिकर. सासूबाईंनी हसून रडणारे चेहरे ओळीनं टाकले. आणि थोड्या वेळानं ती राखाडी ओळ.

सासरच्या माणसांसमोर बापाला वेड्यात काढलं मी. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

१५ सप्टेंबर, सोमवार

माफी मागायला फोन केला. आईनं उचलला. "ते पडलेत जरा. आणि हे बघ, कालचा विषय त्यांच्यापाशी काढायचा नाही. अजिबात नाही!" एवढं बोलून ठेवूनच दिला.

नवरा म्हणाला, "विनोद कुठं थांबवायचा ते तुला कळत नाही." मी त्याच्यावर रुसले. खरं बोलला म्हणून.

दुपारी बाबांनी चिमीला खाली सोडलं, हॉर्न वाजवला, वर आले नाहीत. रागावलेत.

१७ सप्टेंबर, बुधवार

मी काम करते त्या दुकानात एक आजोबा चष्म्याचा नंबर काढायला आले. तक्त्यावरची मधली ओळ आली आणि अडखळले. मला बाबांची आठवण झाली. मार्चमध्ये मीच त्यांना ओढून आणलं होतं, याच खुर्चीत बसवलं होतं. वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला तक्ता! शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. मी मालकांना हाक मारून दाखवलं, "बघा, माझे बाबा!" मशीनवर तपासायचंही राहिलं. गरजच काय, म्हटलं.

म्हणजे डोळ्यांचा प्रश्न नाही. मुद्दाम गंमत करत होते बिचारे, सगळ्यांना हसवायला. आणि मी हे असं बोलले. आणखीच वाईट वाटतंय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चिमी दूध पिताना म्हणाली, "आमच्यासारखा खेळ तुमच्या ग्रुपवर नसतो."

कसला खेळ?

"आजोबा आणि मी खेळतो, गाडीवर. मी पुढे उभी राहते आणि पुढं काय आहे ते ओळखायचं. बस, कुत्रा, खड्डा. लाल दिवा लागला की मी ओरडायचं – लाल! आजोबा म्हणतात, शाब्बास, बरोबर. मी कध्धीच चुकत नाही."

सहा वर्षांची पोर.

मी तिला जवळ घेतलं, ती म्हणाली दूध सांडेल. साबण, साबण, साबण – आणि आम्ही हसत होतो! चष्म्याच्या दुकानात नोकरी करते मी. कुणाला तोंड दाखवू?

२० सप्टेंबर, शनिवार

दुकानातून त्याच अक्षरांचा, हातात धरायचा तक्ता घेऊन माहेरी गेले. आई दळण आणायला गेली होती. बाबा खिडकीशी रेडिओ ऐकत बसलेले. "ये गं. आज सुट्टी?"

म्हटलं, "बाबा, जरा डोळे बघू तुमचे."

"परत? तूच म्हणालीस ना, उत्तम आहेत."

समोर उभी राहिले. आणि मी तक्ता उलटा धरला. मागची कोरी पांढरी बाजू त्यांच्याकडे. "शेवटची ओळ वाचा."

"त... प... ल... र... ग... न," बाबा म्हणाले. एकही अक्षर चुकलं नाही.

तेव्हा आठवलं. नोकरी लागली त्या वेळी मी हाच तक्ता स्वयंपाकघरात चिकटवून पाठ करत होते. गिऱ्हाईक चुकलं तर न बघता कळावं म्हणून. माझं पाठांतर घ्यायला बाबाच बसायचे, रोज.

मी काहीच बोलले नाही. बहुतेक त्यामुळेच त्यांना कळलं. हात पुढे करून त्यांनी तक्ता घेतला, बोटांनी चाचपला, उलटा केला, पुन्हा उलटा केला. "कोरी बाजू होती?"

हो म्हटलं. आंधळ्याची परीक्षा घेतली मी. तीही फसवून. सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून.

"कडेकडेचं दिसतं गं," ते म्हणाले. "मधे सगळा धूर. वर्ष होत आलं."

"मग साबण का म्हणायचात?"

"काहीतरी बोलायला नको? पहिल्यांदा अंदाजानं बोललो, तुम्ही हसलात. म्हटलं, बरं झालं. हसणारं माणूस खोदून विचारत नाही."

मग मी चिमीचं काढलं. बाबांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. "सावकाश चालवायचो," एवढंच म्हणाले. मग, "तेवढं एकच काम उरलं होतं गं माझ्याकडे."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. आणि त्यांच्यासमोर उभं राहायची लाजही वाटत होती. दोन्ही एकदम.

किल्ली त्यांनी स्वतः खुंटीवरून काढून दिली. खुंटी शोधायला वेळ लागला. मी मदत केली नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मोठ्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायला इंजेक्शनं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार्च-एप्रिलमध्ये आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. मधे कुठं तपासलं नव्हतं?"

मी म्हटलं, "तपासलं होतं. मी."

बाबांच्या डोळ्यांत थेंब टाकून त्यांना आत बसवलं, तेव्हा बाहेर आईला म्हटलं, "तुला कळलं नाही गं?"

"वाटायचं अधूनमधून. पण तूच सांगितलंस डोळे चांगलेत. दुकानातली तू! म्हटलं, वयानं विसरायला होत असेल."

मग हळूच म्हणाली, "ग्रुपमधून ते नाही बाहेर पडले. त्यांच्या फोनवरून मीच काढलं त्यांना. तुमचे मेसेज मीच वाचून दाखवते ना त्यांना. त्या दिवशीचा वाचवेना मला. तो स्टिकर तर त्यांना माहीतच नाही. त्यांना वाटतं, त्यांच्या विनोदाला हसता तुम्ही."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

२४ सप्टेंबर, बुधवार

स्टिकर पुसला. दादाला, वहिनीला, सासूबाईंना फोन करून पुसायला लावला. सासूबाई रडल्या. चिमीला आता शाळेतून नवरा आणतो. ती विचारते, "मी काही चुकीचं ओळखलं का?"

२८ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी बाबांकडे गेले. ते म्हणाले, "खेळ बंद केलात का गं? शेवटचा फोटो कसला होता, आईनं सांगितलंच नाही. तू सांग. मी ओळखतो."

मी सांगितलं. काळं रबर. बारीक खाचा. एका बाजूला अंगठा टेकून टेकून गुळगुळीत झालेलं.

"हात्तिच्या! माझ्या गाडीची मूठ!" केवढे खूश झाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि मी साबण म्हटलं होतं! कुणी काही बोललं का गं मला?"

"नाही, बाबा."