सातव्या मूकपटात पडणाऱ्या माणसाबाबत

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण आठवी, काम व्हिडिओ प्लेअर दुरुस्ती, पूर्ण शुद्धीत व कोणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. सोमवारी माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर त्याला किरकोळ म्हणतात; पण पोट माझे आहे. अवघड शब्द शब्दकोशात पाहून लिहिले आहेत. कोठे खाडाखोड आढळल्यास ती माझी समजू नये.

१. बँकेतील शिल्लक आईची. घर तिचेच आहे, ते देण्याचा आव मी आणत नाही.

२. सोल्डरिंग आयर्न व मीटर दुकानातल्या जोडीदाराला द्यावे. बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच त्याला देऊ नये. त्याने त्यातल्या एकाने रंगाचा डबा उघडला आणि वर म्हणाला, "आधीच वाकडा होता." तो वाकडा नव्हता.

३. कपाटातील काळी कॅसेट. हीच माझी खरी मालमत्ता. तिच्यावर नऊ छोटे विनोदी मूकपट आहेत. आमचे आजोबा ते बनवणाऱ्या स्टुडिओत सुतार होते आणि नायकाच्या जागी पडायचे. जिन्यावरून, गाडीवरून, खिडकीतून. हाड कधी मोडले नाही. पाट्यांमध्ये नाव नाही आणि सगळीकडे ते पाठमोरेच दिसतात. फक्त सातव्यात, जिन्यावरून चुन्याच्या बादलीसकट पडल्यावर, ते दीड सेकंद आपल्याकडे वळतात.

बाबांनी कॅसेट आणल्यापासून घरी पाहुणा आला की आजी म्हणायची, "थांबव, थांबव! हे बघा आमचे!" बटण मी दाबायचो. चित्र थांबले तरी आत टेप वाचणारे हेड फिरतच असते आणि टेपची तीच जागा घासते, हे मला दुकानात लागल्यावर कळले. तोवर आजोबांच्या चेहऱ्यावर पांढरे पट्टे आले होते. मूळ फिल्म शोधायला गेलो, तर स्टुडिओच्या जागी फरशीचे दुकान होते. चेहरा आम्हीच पुसला, अभिमानापोटी पुसला, आणि बोट माझे होते.

४. थोरला चुलतभाऊ, म्हणजे दादा. आजोबा गेले तेव्हा तो पाळण्यात होता. मूकपट लावले की तो बाहेर जाऊन उभा राहतो. गेल्या वर्षी सगळ्यांदेखत म्हणाला, "पाठमोरा माणूस तो! कोणाचाही आजोबा असेल." चेहरा दाखवायची सोय नव्हती.  त्याचे ते बोलणे मी विसरलेलो नाही.

मागच्या रविवारी दादा माझी विचारपूस करायला आला. आई जिना धूत होती. "द्या काकू, मी नेतो," म्हणून त्याने भरलेली बादली उचलली आणि वरून तिसऱ्या पायरीवर घसरला. दोन्ही पाय एकदम वर, डावे कोपर पोटाशी, बादली डोक्यावर धरलेली. बसल्या बसल्या चार पायऱ्या खाली आला. उठला, आधी बादली सरळ ठेवली आणि मग डोक्यावर नसलेली टोपी नीट केली. हे सगळे, याच क्रमाने, सातव्या मूकपटात आहे.

आई "अगं बाई, मामंजी!" एवढेच म्हणाली.

"हसताय काय? ढोपर फुटलंय माझं!"

बहीण म्हणाली, "दादा, टोपी सापडली का?"

मी त्याला धरून आत नेले आणि कॅसेट लावली. त्याने सातवा मूकपट पहिल्यांदाच पुरा पाहिला. चेहऱ्यावरचे पट्टे आले, गेले. तो म्हणाला, "परत लाव." तीनदा लावला.

५. कॅसेट बहिणीला द्यावी. अट एकच: सातवा चालू असताना बटणाला हात लावू नये, पाहुणा कितीही मोठा असो. आजोबांना पडू द्यावे, उठू द्यावे, पुढे जाऊ द्यावे.

६. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या बाईंनी सांगितले. म्हणून दादाला मी काहीही देत नाही. राग नाही. मला त्याची सही हवी आहे.

ठिकाण: राहत्या घरी, पुढची खोली
दिनांक: १४ सप्टेंबर २००२, शनिवार, सकाळी साडेदहा
सही: लिहून ठेवणार

साक्षीदार १: शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी. माझ्यासमोर सही केली. मुलगा शुद्धीत आहे, उगाच घाबरतो.

साक्षीदार २: थोरला चुलतभाऊ. माझ्यासमोर सही केली. सातव्या मूकपटात पडणारा माणूस आमचा आजोबा आहे. ढोपर अजून दुखते.