सुजाताचा हात

तेलीबाग, मंगळवार, १९८२

नवा हातपंप कुठे बसवायचा हे ठरवायच्या बैठकीत आज गावच्या पोरांनाही बोलावलं. आमची नात सुजाता सगळ्या पोरींच्या वतीने बोलणार, मला केवढा आनंद! पंपासाठी गावाच्या आमच्या टोकाला पंचायतीने चुन्याची खूणही केलेली. प्रधानजी, म्हणजे इथले सरपंच, म्हणाले, "बच्चों, कुछ कहना है?" सुजाताने हात वर केला, अन् मी तो खाली ओढला. का ओढला गं बाई? वरच्या लोकांच्या विहिरीपाशी आई माझा ओढायची, तसाच. मग बाकीच्या पोरींनीही हात वर केले नाहीत, अन् पंप प्रधानजींच्या दाराशी ठरला. घरी सुजाता रडत म्हणते, "आजी, हाथ क्यों पकड़ा?" आता पोरी लांबून घागरी वाहणार, माझ्यामुळे. परवा खोदाई. उद्या तिला घेऊन प्रधानजींकडे जाते. ऐकतील का? न ऐकोत, पण तो हात मी पुन्हा धरायची नाही.