वीस वर्षांनंतरची कासार गल्ली

प्रिय निकिता,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. साखर आटोक्यात आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तर तुझ्या लग्नातही कुरकुरत होते. घरात फोन असताना आईला हे पत्राचं काय खूळ सुचलं, म्हणशील. अगं, फोनवर तू "जेवलीस का?" विचारतेस, मी "जेवले" म्हणते, तेवढ्यात तुझी मीटिंग लागते नाहीतर रोहितराव हाक मारतात, आणि सांगायचं ते राहूनच जातं. कितीतरी रविवार असेच गेले. पत्रात मध्येच कोणी बोलत नाही. तेव्हा सावकाश वाच, भाजी परतता परतता वाचू नकोस.

आपल्या नगरपरिषदेने यंदा नवीनच टूम काढली. गाव वीस वर्षांनी कसं असावं, ते म्हणे गावानेच सांगायचं. भोंगा लावून रिक्षा फिरली. पहिल्या दिवशी मराठी शाळेच्या पटांगणात खुर्च्या ढीगभर आणि माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पुरुषांना वाटलं निवडणूक लागली, बायकांना वाटलं बचत गटाचं काहीतरी असेल. नगरपरिषदेत नवा इंजिनिअर आलाय, धम्मपाल म्हणून, मनमाडचा पोरगा, वडील रेल्वेत होते. बिचारा माइक धरून नुसता घामाघूम झाला होता. शेवटी त्याने माइक ठेवला आणि रांगोळीच्या पिशव्या मागवल्या. म्हणाला, काकू, भाषण राहू द्या, आपापली गल्ली जमिनीवर काढा, आज आहे तशी नको, वीस वर्षांनी पाहिजे तशी. मग काय विचारतेस! दुसऱ्या दिवशी बसायला जागा नव्हती. कोणी बाग काढली, कोणी कांद्याचे ट्रॅक्टर गावाबाहेरून वळवले, आणि आपल्या गल्लीतल्या अंजलीच्या सासऱ्यांनी तर चक्क विमानतळ काढला, तोही स्वतःच्या मळ्याला लागून! समोरच्या साळूमावशीने काठीने एक चौकोन ओढला आणि म्हणाली, "वीस वर्सांनी मी काय ऱ्हात नाय. पन बाजाराच्या दिवशी बायांनी जायचं कुठं, ते आधी बांधा." आधी सगळे हसले, मग धम्मपालने ते वहीत लिहून घेतलं.

मी काय काढलं, ते तुला सांगायला नकोच. आपण दोघी त्या पाडव्याबद्दल कधी बोललो नाही. तू विषय काढत नाहीस म्हणून मीही काढत नाही. पण आज लिहिते. बाबांच्या छातीत कळ आली होती, रुग्णवाहिका चौकात उभी राहून ओरडत होती आणि गल्लीत शिरत नव्हती. गल्लीतल्या पोरांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. तू पुढे पळत लोकांना बाजूला करत होतीस. दारातून निघाल्या निघाल्या वळणावर खुर्ची अडकली. एकीकडे आपली भिंत, दुसरीकडे साळूमावशीची, आणि खुर्ची काही केल्या वळेना. ती तिरकी करताना बाबा त्या पोरांना म्हणाले, "तुम्हाला उगाच त्रास." असा माणूस होता तो, शेवटच्या घटकेलासुद्धा दुसऱ्याची भीड. पुढे दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. ते वाक्य तू जे धरून बसलीस ते आजतागायत. तेराव्यानंतर बॅग उचलताना तू म्हणालीस, आई, तू हैदराबादला ये, मी या गल्लीत परत पाय ठेवणार नाही. आणि खरंच नाही ठेवलास. तीन दिवाळ्या झाल्या. मी दर वेळी फराळाचा डबा कुरिअरने पाठवते आणि शेजारणींना सांगते, तिला सुट्टी नाही.

तर मी रांगोळी घेतली आणि आपली गल्ली रुंद काढली. चांगली ऐसपैस, चौकापासून थेट विहिरीपर्यंत, एका रेघेत. माझा हात तुला माहीत आहे, रेघ ओढली की ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धम्मपालने फोटो काढला. मी अगदी फुलून गेले बघ. रेघ सरळ काढण्याच्या नादात गल्लीला वळण आहे हेच मी विसरले. ते वळण रांगोळीत आलंच नाही, आणि बघणाऱ्या एकालाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

गल्लीने जागा सोडली तर नगरपरिषद रस्ता करणार होती, म्हणून मग महिनाभर मी गल्लीत दारोदार फिरले. तुझी आई कशी भांडते ते तुला माहीतच आहे. प्रत्येकाचा ओटा थोडा थोडा जाणार होता, म्हणून प्रत्येकाला कारण होतं. कोणाची तुळस, कोणाचा नळ, कोणाची दुकानाची पायरी. मी एकेकाला धारेवर धरलं. ओटा पुन्हा बांधता येतो, माणूस आणता येतो का, असं तोंडावर विचारलं. अंजलीच्या सासऱ्यांना तर म्हटलं, काका, विमानतळ मागता आणि दोन फूट ओटा सुटत नाही का हो तुमच्याने? शेवटी सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगू? मनात एकच होतं. गल्लीत गाडी येईल, मग माझी पोरगी येईल.

त्यानंतर धम्मपाल टेप घेऊन मोजायला आला. वळणापाशी आला आणि टेप पुन्हा पुन्हा लावून बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, काकू, ओट्यांनी भागत नाही. इथे एका बाजूचं घर जाईल. आपलं नाहीतर साळूमावशीचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच गं! मी आयुष्यभर ही म्हण दुसऱ्यांना ऐकवली.

कोणतं घर, हेसुद्धा कचेरीने ठरवायचं नव्हतं, गल्लीनेच बसून ठरवायचं होतं. शाळेच्या वर्गात बैठक झाली, मुलांच्या बाकांवर आम्ही सगळे अंग चोरून बसलेलो. कोणी कोणाकडे बघेना. साळूमावशीच उठली. म्हणाली, "माझं घ्या. मी पिकलं पान, आज हाय उद्या नाय. शेवंताच्या पोटी पोर हाय, तिचं माहेर ऱ्हाऊ द्या." शेवंता कोण, असं तुला वाटेल. अगं, ती मला अजून माझ्या माहेरच्या नावाने हाक मारते, सुवर्णा तिच्या तोंडी कधी बसलंच नाही. ती असं म्हणाली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, मला ऐकू आला. मीही सोडला. देव माफ करो, क्षणभर मला इतकं बरं वाटलं! आणि मग ती खाली बसताना बाकाला धरून बसली, तेव्हा तिचा हात मला दिसला. एक खोली आहे तिला, वर पत्रे. पुढे मागे कोणी नाही. ती जाईल कुठे? मला पेन्शन आहे, तू आहेस. मी उठले आणि म्हटलं, आमच्या बाजूने घ्या. कोणी नको म्हणालं नाही. साळूमावशी तेवढी माझ्यावर ओरडली, आणि अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तुला विचारलं नाही, निकी. विचारायला हवं होतं. लोकांना ब्रह्मज्ञान सांगत फिरले आणि स्वतःवर आलं तेव्हा घरी येऊन उंबऱ्यावर बसून लहान मुलीसारखी रडले. ओसरी जाईल, बाबांची खोली जाईल, तू दहावीला जिथे पाट मांडून अभ्यास करायचीस तो जिना जाईल. राहील ती स्वयंपाकघराची एक चिंचोळी पट्टी, त्यात फार तर गॅस आणि मी. मोबदला मिळेल म्हणतात, विहिरीकडे भाड्याने खोलीही बघून ठेवली आहे. जागा बरी आहे, ऊन येतं. पण रात्री अंथरुणावर पडले की एकच विचार डोकं खातो. तू यावीस म्हणून मी गल्ली रुंद करायला निघाले, आणि तू ज्या घरी यायचीस तेच त्यात चाललं. गाडी थेट दारापर्यंत येईल गं, पण दार कुठलं?

आता पत्र का लिहिलं ते सांगते. घर बाबांच्या नावावर आहे. त्यांच्यामागे वारस आपण दोघी. मी बैठकीत कितीही तोंडाने बोलले तरी तुझ्या सहीशिवाय त्याला काही अर्थ नाही. धम्मपालने संमतीचा कागद दिला आणि म्हणाला, काकू, ताईंना पाठवून द्या, सही करून परत आला की झालं. तो कागद मी या पाकिटात घातलेला नाही. शोधू नकोस. पोस्टाने सही आली तर घर पाडायला माणसं येतील, आणि तू येणार नाहीस, हे मला लख्ख दिसतंय. तुला मी सही कर म्हणत नाही. नाही म्हणालीस तरी चालेल, घर राहील, गल्ली आहे तशी राहील, आणि गल्लीसमोर मान खाली घालायची ती मी घालीन. तुझाही हक्क आहे या भिंतींवर, तुझेही बाबा होते ते. पण जे काय सांगायचं ते माझ्यासमोर बसून सांग. मनमाडला उतर, मी स्टेशनवर येते, गल्लीत शिरताना तुझा हात धरते. मला एकटीने हे घर सोडवत नाही गं. ये. "नाही" म्हणायला तरी ये.

तुझी वाट बघणारी,
तुझीच,
आई