फुकटची पुस्तकं आणि पान एकशे त्रेचाळीस

गाब्रोवो, २ जून

परमपूज्य गेन्कोदादा यांच्या चरणी (‘परमपूज्य’ हा शब्द मुद्दाम घातला आहे, का ते पुढे कळेलच), धाकट्या मावसभावाचा, कंबर धरून का होईना, पण पूर्ण वाकून केलेला नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असणारच. जगाला सल्ले वाटून झाले की प्लोव्हदिवच्या उन्हात बाकावर जाऊन बसणाऱ्या माणसाला काय धाड भरणार आहे. तरी रीत म्हणून विचारतो: गुडघा कसा आहे, रक्तदाब कसा आहे, आणि गारपिटीत सापडलेली ती द्राक्षवेल (जिच्याबद्दल आपण मला फोनवर दोन तास ऐकवलंत) सावरली का? इकडे मी बरा. नेडाही बरी, डोळे सोडून. डॉक्टर म्हणतात, नजरेच्या मधोमध जो डाग आला आहे तो आता जायचा नाही. मोठं असेल ते दिसेल, बारीक दिसायचं नाही. म्हणजे मी दिसतो आणि छापील अक्षर दिसत नाही. एकोणपन्नास वर्षांच्या संसारानंतर हे उलटं झालं असतं तर तिला जास्त चाललं असतं. हे मी नाही म्हणत, तीच डॉक्टरांसमोर म्हणाली.

तर ईस्टरची गोष्ट. आपण आमच्या टेबलाशी बसून, एका हातात लाल अंडं आणि दुसऱ्या हातात राकियाचा तिसरा पेला धरून, जाहीर केलंत की आजच्या काळात पुस्तक विकत घेणारा माणूस मूर्ख आहे. इंटरनेटवर सगळी पुस्तकं फुकट पडली आहेत, झाडाखाली आलुबुखार पडलेले असतात तशी. एक ई-रीडर घ्यायचा, पुस्तक उतरवायचं, अक्षर बशीएवढं करायचं, की नेडा पुन्हा वाचायला मोकळी. कंजूषपणासाठी देशभर नावाजलेल्या गाब्रोवोच्या माणसापुढे ‘फुकट’ हा शब्द उच्चारणं म्हणजे बोक्यापुढे मासोळी ठेवण्यासारखं आहे हे आपल्याला ठाऊक होतं; आपला जन्म इथलाच. आणि नेडाची अवस्थाही आपण पाहिली होती. तीस वर्षं गिरणीच्या वाचनालयात ग्रंथपाल, आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारी बाई, ती सात महिने मांडीवर हात ठेवून रेडिओ ऐकत होती आणि बातम्या देणाऱ्याशी भांडत होती. (तो उत्तर देत नाही, म्हणून मग मी.) तिच्यासाठी मी आकाशातला चंद्रही आणला असता. आपण तर तो फुकट मिळतो म्हणून सांगितलंत.

मी एक वापरलेला ई-रीडर घेतला. नवा घेण्याइतका माझा आपल्यावर विश्वास नव्हता. नेडाला विचारलं, पहिलं कुठलं पुस्तक आणू? क्षणाचाही विलंब न लावता ती म्हणाली, ‘लोकरवाल्याची थोरली’. आपल्याला आठवत असेल (नक्कीच आठवत असेल), आपल्याच गावातल्या एका मास्तरांनी लिहिलेली ती एकुलती एक कादंबरी. जगात इतकी थोर पुस्तकं असताना हेच का, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शोधाच्या कामी शेजारचा कुन्चो आला. हा निवृत्त वायरमन. त्याने आमची दारावरची घंटा दुरुस्त केल्यापासून ती कुणी वाजवली की स्वयंपाकघरातला दिवा जातो. त्याने एक संकेतस्थळ काढून दिलं: दहा लाख पुस्तकं, संपूर्ण मोफत. ‘मोफत’च्या डोक्यावर एक इवलासा तारा होता, आणि त्या ताऱ्याचा अर्थ पानाच्या तळाशी अशा अक्षरात दिला होता की तो वाचायला डोळे धडधाकट असून भागत नाही, वकील लागतो. आधी नाव, मग जन्मतारीख, मग बँकेच्या कार्डाचा क्रमांक, ‘केवळ खात्रीसाठी’. कुन्चो म्हणाला दे, काही होत नाही. कार्ड माझं होतं, त्यामुळे त्याचं खरंच काही झालं नाही. मोफत कारभार तीन दिवसांचा निघाला, आणि त्या तीन दिवसांत जे मिळालं ते म्हणजे मांजरांचं राशिभविष्य आणि ‘चाळीस दिवसांत श्रीमंत व्हा’. (लेखक अजून एकोणचाळिसाव्या दिवसावर असावा, नाहीतर पुस्तक फुकट वाटत कशाला फिरला असता?) बाहेर पडायचं बटण दाबलं तर आम्हाला सोडून जाताना वाईट वाटत नाही का, असं नऊ वेळा विचारलं. शेवटी बँकेत जाऊन कार्डच बंद करून घेतलं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, या आठवड्यातले तुम्ही चौथे. बाकीच्या तिघांचेही मावसभाऊ प्लोव्हदिवला असतात का, हे विचारायचं राहिलं.

कुन्चो हार मानणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवशी तो करंगळीएवढा पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यात अकरा हजार पुस्तकं, कुठून आली ते विचारायचं नाही. नेडाने नेमकं तेच विचारलं. लेखकांना विचारलं होतंस का? कुन्चो म्हणाला, अकरा हजार लोकांना कोण विचारत बसणार. तेव्हा ती जे बोलली ते आपल्यालाही ऐकण्यासारखं आहे:

“तीस वर्षं चोरीचं पुस्तक मी कपाटात ठेवलं नाही, कुन्चो. आता या दोन डोळ्यांत ठेवू?”

कुन्चो रागावून गेला, पेन ड्राइव्ह मात्र विसरून गेला. खोटं कशाला बोलू, मी चोरून एक पुस्तक उघडलं. कुठल्याशा यंत्राने छापील पानं पाहून मजकूर उतरवला होता आणि त्या यंत्राची नजर नेडापेक्षाही अधू असावी. नायक ‘भाला’ उचलायचा तिथे ‘माला’ उचलून शत्रूवर धावून जात होता. शत्रूने, बहुधा लाजून, माघार घेतली. उरलेल्यांपैकी निम्मी पुस्तकं ट्रॅक्टर दुरुस्तीची होती. मी पेन ड्राइव्ह कुन्चोच्या पत्रपेटीत टाकला आणि हात धुतले.

मग सरळ मार्ग धरला. स्वस्तात ई-पुस्तकं विकणारं एक रीतसर दुकान सापडलं, आणि तिथे एका कॉफीच्या किमतीत आपली कादंबरी! निदान मला तसं वाटलं. मुखपृष्ठावर लोकर होती, लोकरवाला होता. घाईत शेवटचा शब्द नीट पाहिला नाही. ‘लोकरवाल्याची थोरली’ऐवजी मी ‘लोकरवाल्याची तिसरी’ घेतलं होतं, आणि ती तिसरी म्हणजे मुलगी नव्हती. नेडाने अक्षर मनासारखं मोठं करून घेतलं आणि खिडकीत वाचायला बसली. एका पानावर चार शब्द मावत होते. दादा, ते चार-चार शब्द असे होते, आणि एवढे मोठे होते, की समोरच्या गच्चीवरून कुन्चोलाही स्पष्ट दिसावेत. राग विसरून तो तीन दिवस तिथे कुंड्यांना पाणी घालत होता. त्याच्याकडे दोनच कुंड्या आहेत. मी पडदा ओढायला गेलो तर नेडा म्हणाली, उजेड जातो. आणि तिने ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं, कारण हाती घेतलेलं पुस्तक अर्धवट टाकायचं नसतं, हा म्हणे ग्रंथपालाचा धर्म. मला मात्र तीन दिवस कुणाशी नजर मिळवता आली नाही.

शेवटी मान खाली घालून मी आमच्या भागातल्या वाचनालयात गेलो. आमच्या घरापासून ते बेकरीपेक्षाही जवळ आहे. तिथल्या पेत्रानाबाई एकेकाळी नेडाच्या हाताखाली होत्या. गिरणी बंद पडली तेव्हा तिथली सगळी पुस्तकं त्यांनीच इकडे आणली. त्यांनी माझी सगळी कर्मकथा शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, ‘थोरली’ तर दोन वर्षांपासून आमच्या संकेतस्थळावर आहे. मास्तरांच्या मुलीने रीतसर परवानगी दिली, आम्ही पानापानाचा फोटो काढून चढवलं. फुकट. तारा वगैरे काही नाही. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीत? त्या म्हणाल्या, “मिन्चो, फुकटचं शोधत लोक जगभर फिरतात. इथे येऊन विचारत कुणी नाही.” आणि माझी कॉफी गार व्हायच्या आत त्यांनी पुस्तक ई-रीडरवर घालून दिलं, वर लेखक जाऊन शंभर वर्षं झालेली, कुणाचीच परवानगी न लागणारी आणखी वीस पुस्तकं.

नेडाचा चेहरा आपण पाहायला हवा होता. (नाही, नको. आता वाटतं, नकोच.) फोटोतलं अक्षर बशीएवढं होत नाही, पान इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. दहा ओळींत तिचे डोळे थकतात. म्हणून वाचायला मी बसलो. एकतिसाव्या पानापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. एकतिसाव्या पानावर, थोरलीच्या डोळ्यांचं वर्णन आहे तिथे समासात, पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘ने., हे तुझे.’

मी ते मोठ्याने वाचून गेलो आणि मग थांबलो. तो शेपूट गोल वळवलेला ‘झ’ मी ओळखतो, दादा. गेली पन्नास वर्षं दर नववर्षाच्या कार्डावर पाहतो आहे.

नेडा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, त्र्याहत्तर सालची गोष्ट. आपण गिरणीच्या वाचनालयातून ते पुस्तक तीन आठवडे नेलंत आणि परत केलंत. तिने एकतिसावं पान पाहिलं, वाचनालयाचं पुस्तक विद्रूप केल्याबद्दल आपलं कार्ड तीन महिने बंद केलं, आणि पुस्तक बांधणीच्या ढिगात टाकलं. पुढची पानं तिने उघडलीच नाहीत, असं ती सांगते. आपण मला म्हणाला होतात की प्लोव्हदिवला चांगली नोकरी लागली म्हणून गाव सोडलं. असो. वाचायला पुस्तक मिळेना म्हणून गाव सोडणारा माणूस, इतिहासात आपण एकटेच असाल.

वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहायचा, तर आता तेही आपणच उरलात. द्राक्षवेलीला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (पुन्हा कधी नाही),
मिन्चो

ता. क. माझा काही राग नाही. पन्नास वर्षांनी पेन्सिलीवर रागवायला मी मूर्ख नाही.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर तू लिहिलं आहेस: ‘नेडा, शनिवारी मिन्चोबरोबर नाचायला जाण्याआधी एक ऐक, तो’ आणि तिथे फोटोत पानाची कड कापली गेली आहे. मूळ पुस्तकाचा भुगा झाला होता, ते रद्दीत गेलं. मी पेत्रानाबाईंना दोनदा विचारून आलो. तो काय, दादा? तो चांगला आहे? तो कवडीचुंबक आहे? त्याच शनिवारी मी तिला मागणी घातली होती. पुढच्या समासांत आणखी काय काय आहे तेही कळव. मी सगळी पानं आधीच चाळणार होतो, पण ई-रीडर नेडाच्या उशाखाली असतो आणि पुस्तक क्रमानेच वाचायचं असा तिचा हुकूम आहे; वाचनालयाच्या संगणकावर पाहू म्हटलं, तर तो हुकूम पेत्रानाबाईंपर्यंतही पोचलेला. ती रोज विचारते, गेन्कोला पत्र टाकलंस का. लवकर लिही.

गेन्को, मिन्चो पोस्टाची तिकिटं आणायला गेलाय, म्हणून हे कागदाच्या पाठीवर लिहितेय. अक्षर मोठं आहे, चालवून घे. एकशे त्रेचाळिसावर काय होतं ते मी तेव्हाच वाचलं होतं, आणि तरी त्या शनिवारी त्याच्याबरोबर गेले. त्याला सांगू नकोस. पुढच्या समासात काहीतरी सापडेल म्हणून तो रोज दुपारी तासभर मला वाचून दाखवतोय, आणि अजून दोनशे पानं बाकी आहेत. — नेडा