रून लिपी आणि आप्पा

इंदूर, मंगळवार, १० फेब्रुवारी १९५३

उद्या कॉलेजात जर्मनांच्या जुन्या रून लिपीवर निबंध वाचायचा आहे, आणि आप्पा ऐकायला येणार. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, मोडीसुद्धा. रून ब्राह्मीतून निघाली, हेही त्यांनीच सांगितलेलं. निबंधात तसं वाक्य आहे. पुस्तकं मात्र म्हणतात, रोमन किंवा उत्तर इटलीतल्या अक्षरांवरून घडली असावी. नक्की कुणालाच माहीत नाही, पण ब्राह्मीचं नाव कुठेच नाही.

ती लाकडावर कोरत, म्हणून तिच्यात आडवी रेघ नाही म्हणतात. खरं असेल का? संध्याकाळी जळणाची ढलपी आडवी धरून चाकूने कोरून पाहिलं. उभी, तिरकी रेघ उठून दिसली. आडवी लाकडाच्या शिरांत हरवली. आणि ब्राह्मीतल्या ‘क’ला तर आडवी रेघ आहेच!

तेवढ्यात आप्पा आले. ब्राह्मीचं वाक्य वाचणार नाही, असं सांगून टाकलं.

"म्हणजे बाईसाहेब उद्या भर सभेत बापाला खोटं पाडणार?"

"तुमचं नाव नाही घेणार, आप्पा. पण चूक आहे ते वाचलं जाणार नाही माझ्याच्यानं."

"जर्मन आर्य की नाही? फिर? लिपी काय आभाळातून पडली?"

मनात आलं, भाषा एका कुळातल्या असल्या म्हणून लिपी एकीतून दुसरी निघते थोडीच? बोलले असते तर उद्धटपणा झाला असता का?

आत जाऊन ते आईला म्हणाले, "उद्यासाठी माझी दरबारची पगडी काढून ठेव."

संस्थान गेल्यापासून ती त्यांनी घातलेली नाही. ऐकायला येणार की भांडायला? विचारायचा धीर झाला नाही. ब्राह्मीचं वाक्य मात्र आत्ताच खोडून टाकलं.