हरिण कुठून आलं?

आखन,
२६ नोव्हेंबर १९६७

तीर्थस्वरूप अण्णांस,
मोहनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं आणि वसुधावहिनींचं पत्र एकाच पाकिटातून मंगळवारी पोचलं. काकूंच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल. इकडे जर्मनीत थंडी सुरू झाली. माझी प्रकृती उत्तम आहे, मनगटाचं प्लास्टर परवा काढलं. खरं तर माझ्या प्रकृतीचं आधी लिहायला नको होतं, पण पत्र असंच सुरू करायची सवय लागली आहे आणि हल्ली सवयीनेच सगळं चाललंय.

दिनकरच्या अपघाताला आज सात आठवडे झाले. कमरेखाली त्याला अजून काही कळत नाही. दर दोन तासांनी दोन सिस्टर येतात आणि त्याला कुशीवर वळवतात, कारण पाठीला जखम झाली तर ती भरणार नाही. आपला पाय उचलला गेलाय हे त्याला डोळ्यांनी बघूनच समजतं. गेल्या आठवड्यात त्याने मोठ्या डॉक्टरांना सरळ विचारलं, "मी चालेन का?" ते म्हणाले, "नाइन." नाही. इथे असं तोंडावर सांगतात. मग खुर्ची ओढून ते अर्धा तास त्याच्याशी बोलत बसले, पण त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. शेवटी दिनकरच सिस्टरला म्हणाला, याला पाणी द्या. याला म्हणजे मला.

अण्णा, तुम्ही वकील आहात म्हणून पुढचं नीट लिहितो. विद्यार्थ्यांचा आजारपणाचा विमा ठरावीक आठवड्यांपुरता असतो. उन्हाळ्याच्या आत तो संपेल. पुढे त्याला घरी न्यायचं म्हटलं, तर कराडात अशा रुग्णाला कोण सांभाळणार? हायडेलबर्गला अशा लोकांसाठी नवा विभाग निघाला आहे. तिथे चाकाच्या खुर्चीत बसायला, अंघोळ करायला, पुन्हा कामाला लागायला शिकवतात. दिनकरचे हात शाबूत आहेत, डोकं तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त शाबूत आहे. ड्रॉइंग बोर्डावर तो आयुष्यभर काम करू शकेल. पण त्यासाठी कुणीतरी कायमचा खर्च उचलायला हवा.

म्हणून मी इथल्या एका वकिलाकडे गेलो. हेर, म्हणजे श्रीयुत, फ्रेंत्झेन. साठीचे आहेत, टेबलाच्या खणात लोणी लावलेला पाव ठेवतात आणि अशील बोलत असताना खण उघडून एक घास घेतात. पुन्हा एकदा सगळी हकीकत सांगितली. मोनशाउ गावाहून स्कूटरवर परत येताना उजवीकडच्या झाडीतून हरिण एकदम रस्त्यावर आलं, ब्रेक दाबला, पानं ओली होती. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "आल्झो, हरणावर दावा लावता येत नाही." आल्झो म्हणजे आपलं "तर मग". दुसरा मार्ग आहे म्हणतात, पण तो जरा गुंतागुंतीचा आहे. त्यांनी फोलमाख्टचा, म्हणजे आपल्या वकीलपत्राचा, कागद दिला. दिनकर त्यावर सही करत नाही. कारण सांगत नाही. फक्त म्हणतो, "अण्णांनी लिहिलं तर बघू."

तेव्हा त्याला दोन ओळी लिहा. बापाचा शब्द तो मोडणार नाही.

वसुधावहिनींनी दिनकरबद्दल लिहिलंय, "मोहनभाऊजी जवळ होते म्हणून हे वाचले." त्यांना माझा नमस्कार सांगा. वेगळं उत्तर लिहायला बसलो होतो, जमलं नाही.

तुमचा,
मोहन

*

आखन,
१९ डिसेंबर १९६७

ती. अण्णांस,
नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. वर आशीर्वाद नाही, खाली सही नाही, मध्ये एकच प्रश्न: "दसऱ्याच्या पत्रात हरिण डावीकडून आले होते, आताच्या पत्रात उजवीकडून. नक्की कुठून आले?"

कराडच्या कोर्टात तीस वर्षं उलटतपासण्या घेतलेल्या माणसाला पत्रं लिहिताना मी निदान पहिल्याची नक्कल तरी ठेवायची होती. पत्र हातात घेऊन मी जिन्यातच बसलो. घरमालकीण वरून उतरली, कुणी गेलं का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो.

हरिण कुठूनच आलं नाही. हरिण नव्हतंच, अण्णा.

त्या रविवारी आम्ही पाचजण मराठी मुलं मोनशाउला गेलो होतो. कॉफी पिताना माझ्या प्रबंधाचा विषय निघाला. प्रोफेसरांनी तिसऱ्यांदा परत पाठवला होता. दिनकर हसत म्हणाला, "मोहन्या जर्मनीत डॉक्टरेट करायला थोडाच आलाय, तो स्कूटर फिरवायला आलाय." सगळे हसले. मीही हसलो. तुमच्या ओसरीवर आम्ही दोघं एकमेकांची याहून वाईट थट्टा करत वाढलो, हे तुम्हीच पाहिलंय. पण चार महिन्यांपूर्वी आलेल्या, मीच बोलावून घेतलेल्या मुलाने ते चारचौघांत म्हणावं, हे मला झोंबलं. आल्झो, झोंबलं. आज लिहितानाही लाज वाटते की एवढंच होतं.

परतताना उताराच्या रस्त्यावर मी वेग वाढवला. त्याला घाबरवायला. त्याने पाठीवर थापा मारल्या, "मोहन्या, हळू!" मी आणखी वाढवला. "दिन्या, स्कूटर बघ कशी फिरवतात," असं मी ओरडलो. हे शब्द मी म्हणालो. नंतर वळण आलं. मी गवतात पडलो आणि तो दगडी कठड्यावर.

मी त्याच्यापाशी पोचलो तेव्हा तो आभाळाकडे बघत होता. म्हणाला, "माझे पाय कुठेत रे?" पाय जिथल्या तिथे होते. मी ते हातात धरून ठेवले होते आणि त्याला कळत नव्हतं. थोड्या वेळाने पोलिस आला, वही काढली. मी तोंड उघडायच्या आत दिनकर पडल्यापडल्या म्हणाला, "आइन रे." एक हरिण. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

एवढंच केलं मी. मान हलवली. तेव्हापासून तुम्हाला, काकूंना, प्रोफेसरांना हरिण लिहून पाठवतोय.

आता वकिलांकडचं राहिलेलं लिहितो. त्यांनी विचारलं, "स्कूटर कोण चालवत होतं?" मी म्हणालो, एक मित्र. त्यांना वाटलं कुणी तिसराच. मग त्यांनी समजावलं. इथल्या कायद्यात फुकट मागे बसलेल्या माणसाला चालवणाऱ्याची चूक दाखवून द्यावी लागते. चूक सिद्ध झाली, तर स्कूटरच्या सक्तीच्या विम्यातून दिनकरचं जन्मभराचं भागेल. हरिण आलं असेल तर चूक कुणाचीच नाही आणि मिळणार काहीच नाही. मग पुढे वाकून म्हणाले, "तो मित्र माणूस कसा आहे? खरं बोलेल?"

मी म्हणालो, "या," म्हणजे हो. आणि टोपी उचलून बाहेर पडलो. वकीलपत्राचा कागद विसरलो म्हणून परत जावं लागलं. तेव्हाही बोललो नाही.

तो गुंतागुंतीचा मार्ग म्हणजे मी. दिनकर सही करत नाही, कारण दावा माझ्यावर होतो. खरं बाहेर आलं तर माझ्यावर पोलिस केस, शिष्यवृत्ती बंद, कदाचित परत पाठवणी. हे सगळं त्याने पलंगावर पडून आधीच हिशेबात धरलं होतं.

तुमचा प्रश्न वाचल्यावर आज सकाळी मी पोलिस ठाण्यात गेलो आणि जबाब बदलला. वेग, थापा, ओरडणं, सगळं सांगितलं. टाइप करणाऱ्याने दोनदा विचारलं, "मुद्दाम?" मी म्हणालो, घाबरवायचं मुद्दाम, बाकीचं नाही. त्याने तसंच टाइप केलं. हेर फ्रेंत्झेनना जाऊन सांगितलं, तो मित्र मीच. आज त्यांनी खण उघडला नाही. पुढच्या वेळेपासून माझ्याशी बोलता येणार नाही, मी समोरची बाजू आहे, असं म्हणाले. दारापर्यंत मात्र सोडायला आले.

तिथून दवाखान्यात गेलो. दिनकरला सांगितलं. मला वाटलं चिडेल, किंवा निदान सुटल्यासारखं वाटेल त्याला.  तो म्हणाला, "पडल्यापासून मी एकच गोष्ट धड केली होती मोहन्या, तुला वाचवलं होतं. तेवढी तरी राहू द्यायची होतीस." आणि तोंड फिरवलं. तेवढंच त्याला फिरवता येतं.  अण्णा, मला वाटलं होतं जे व्हायचं ते आठ ऑक्टोबरला होऊन गेलं.

सही त्याने अजून केलेली नाही. त्याच्या लेखी मित्रावर दावा लावणं म्हणजे पाप. ते त्याला तुमच्याच घरी शिकवलंय, मलाही. म्हणून ते तुम्हालाच मोडावं लागेल. त्याला लिहा की बापाची आज्ञा आहे, सही कर. वहिनींना हे पत्र वाचून दाखवा. माझ्याबद्दल त्या पत्रात त्यांनी जे लिहिलंय ते त्यांनी मागे घ्यावं, नाहीतर मला ते आयुष्यभर वाचत बसावं लागेल.

मला क्षमा करा असं मी लिहीत नाही. क्षमा करणारा माणूस दावा लावत नाही, आणि मला दावा लागलेला हवा आहे.

तुमच्या दाव्यात लागेल म्हणून खाली पूर्ण लिहितो.

मोहन श्रीनाथ पोतनीस,
वय वर्षे २९, धंदा शिक्षण,
मूळ राहणार कराड, हल्ली मुक्काम आखन,
प्रतिवादी