भुयारी गाडीचा उंबरा

कलकत्ता, १२ फेब्रुवारी १९९६

ती. महानंदाअक्कास,
दयानंदचा नमस्कार.

हे पत्र पोचेल तोवर आप्पाजी बंगळूरला चिकपेटेत दुकान उघडून बसलेही असतील. काल त्यांना मद्रास मेलमध्ये खिडकीची जागा मिळाली. इथे त्यांची तब्येत छान राहिली. आईचा गुडघा कसा आहे?

भुयारी रेल्वेचं त्यांनी सांगितलंच असेल. जमिनीखाली स्वच्छ फरशी, आपोआप उघडणारी दारं. त्यांना फार आवडली. एक मात्र ते सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो.

दार उघडलं तसे ते वाकले. रोज दुकान उघडताना करतात तसा गाडीच्या उंबऱ्याला हात लावून त्यांनी कपाळाला टेकवला. मागची माणसं खोळंबली, कुणी हसलं. आमचे साहेब नेमके त्याच डब्यात. त्यांनी हिंदीत विचारलं, "तुमच्याबरोबर आहेत?"

मी म्हणालो, "ओळखीचे आहेत."

आप्पाजी शेजारीच उभे होते. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांशी बोलण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, तरी त्यांना हिंदी कळणार नाही असं मी धरून चाललो. ते एवढंच म्हणाले, "स्वल्प सरक, बसतो."

संध्याकाळी घरमालकांनी विचारलं, "हे कोण?" मी तोंड उघडायच्या आत आप्पाजीच हिंदीत म्हणाले, "यांच्या ओळखीचा आहे."

अक्का, त्यांना काही विचारू नकोस. खालची सही तेवढी दाखव.

आप्पाजींचा मुलगा,
दयानंद